मेळांक चौऱ्याण्णव

कुंदा वाघचौरेचा अंक बहात्तर आला. परीक्षक गोसावी तिचं अभिनंदन करत होते, पण तिची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, घसरगुंडीपाशी उभ्या असलेल्या प्रणितीकडे होती. प्रणिती टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून. कुंदाला तेच जास्त लागलं.

"बहात्तर म्हणजे चांगलेच, वाघचौरेबाई," गोसावी म्हणाले. "सत्तरला प्रमाणपत्र मिळतं. तुमचं झालं."

"आणि मैदानाचा प्रमुख कोण?"

"ते परवा कळेल. प्रणितीताईंची चाचणी झाली की. ज्याचा अंक जास्त, तो प्रमुख. दुसऱ्याने मग प्रमुखाच्या लेखी परवानगीने मुलं घ्यायची."

"आणि परवानगी नाही दिली तर?"

"तर फाटक आणि झाडांचं पाणी, एवढंच काम." गोसावी हसले. "पण तुमचं काय, घरचीच माणसं तुम्ही. ती तुम्हाला परवानगी देणार नाही असं होईल का?"

ज्या मुलीला तिने लंगडी शिकवली, तिच्याकडे मुलांना खेळवायची परवानगी मागायची, हे कुंदाला पटत नव्हतं.

कासारशिरूरच्या या मैदानावर कुंदा तेवीस वर्षं कामाला होती. सुरुवातीला तिचं काम म्हणजे झाडलोट, झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालणं, संध्याकाळी फाटक लावणं. मुलांशी खेळणं कामात नव्हतं. ते तिने स्वतःहून अंगावर घेतलं. यंत्रमागवाल्यांची पोरं शाळेतून सुटली की घरी जायच्या आधी इथे यायची, कारण घरात मागांच्या खडखडाटात कुणाचं बोलणं ऐकू येत नसे. प्रणिती घोरपडे त्यातलीच एक. सात वर्षांची, किडकिडीत, राज्य आलं की रडकुंडीला येऊन घराकडे पळू बघणारी. तिला थांबायला कुंदाने शिकवलं. पुढे ती शिकायला बाहेर गेली, क्रीडांगण सेवेची दोन वर्षांची पदविका घेतली आणि आठ महिन्यांपूर्वी याच मैदानावर नोकरीला आली. पहिल्या दिवशी तिने कुंदाच्या पाया पडून कामाला सुरुवात केली होती.

त्यानंतर आल्या पट्ट्या.

या पट्ट्यांची गोष्ट तशी साधी आहे. दोन माणसं गप्पा मारत रस्त्याने चालली की थोड्या वेळाने त्यांची पावलं एकदम पडू लागतात. ती ठरवून तसं करत नाहीत. आई बाळाला कुशीत घेऊन झोपवते तेव्हा दोघांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात. सगळी भजनी मंडळी रंगात आली की त्यांच्या छातीचे ठोकेसुद्धा एकमेकांच्या जवळ सरकतात. माणसं एकाच गोष्टीत बुडून गेली की त्यांची शरीरं न सांगता जुळतात, हे शास्त्रज्ञांना पुष्कळ आधीपासून ठाऊक होतं. नवीन होती ती मोजायची सोय. मुलांच्या घोट्याला बोटभर रुंदीची एक पट्टी बांधायची. ती कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची ये-जा मोजते आणि पावलांचे धक्के टिपते. बारा मुलांच्या बारा पट्ट्या आपापली लय एका टॅबलेटकडे पाठवतात, आणि दर दहा सेकंदांनी पडद्यावर एक आकडा येतो, शून्य ते शंभर. त्याचं नाव मेळांक. बसची वाट बघत उभ्या असलेल्या मुलांचा मेळांक बारा-पंधरा असतो. लगोरी रंगात आली की तो ऐंशीपर्यंत चढतो.

बागा आणि मैदानांवरच्या सेवकांना प्रमाणपत्र सक्तीचं झालं, तेव्हा त्यांची परीक्षा कशी घ्यायची, हा प्रश्न होता. लेखी परीक्षेत कुणीही पास होईल. मग प्रमाणन मंडळाने ठरवलं की मुलांनाच विचारायचं, पण तोंडाने नाही. वीस मिनिटं बारा मुलं खेळवा. मुलं खेळात किती बुडाली, ते पट्टी सांगेल.

कुंदाला सरावाच्या दोन चाचण्यांत अठ्ठावन्न आणि एकसष्ट मिळाले होते. प्रणितीला त्र्याऐंशी आणि शहाऐंशी.

तेव्हा एका दुपारी सामानाच्या खोलीत प्रणिती तिच्याजवळ येऊन बसली होती. "ताई, रागावणार नसाल तर एक दाखवू?"

"दाखव की."

प्रणितीने टॅबलेट पुढे धरला. "ही तुमची रेघ. कशी छान चढतीय बघा. आणि इथे एकदम खाली. परत चढली, परत खाली. असं सात वेळा झालंय."

"मग?"

"सातही ठिकाणी तुमची शिट्टी आहे."

कुंदाने रेघेकडे बघितलं. मुलाचा ओठ थरथरला की रडू फुटायच्या आत शिट्टी वाजवायची, दोघांना बाजूला करायचं, खेळ बदलायचा, ही तिची कला होती. "तेवीस वर्षांत या मैदानावरून एक मूल रडत घरी गेलेलं नाही," ती म्हणाली.

"माहितीय ना. त्यातलीच एक मी. फक्त परीक्षेपुरती जरा कमी वाजवा, एवढंच म्हणते."

कुंदाने परीक्षेत दोनदाच शिट्टी वाजवली आणि बहात्तर मिळवले. म्हणजे बहात्तरातले दहा-अकरा तरी प्रणितीने दिलेले होते.

संध्याकाळी कुंदाचे यजमान मारुतीराव जेवायला बसले. ते मागांच्या कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. ताटात पिठलं वाढेपर्यंत ते खिशातून कागदाची पुडी काढून बसले होते.

"हे काय?"

"पेढे. तुझ्या पास होण्याचे. प्रणिती चौकात वाटत होती."

"माझे पेढे तिने वाटले?"

"तू वाटणार नाहीस म्हणाली. ओळखते तुला पोरगी." मारुतीराव हसले. "परवा तिची परीक्षा आहे म्हणे. नव्वद घेईल."

"घेऊ दे की."

"तोंड का पाडतेस? पोरगी तुझीच. ती पुढं गेली तर नाव तुझंच होतंय."

"मग माझं नाव फाटकावर लिहा. तिथंच बसवणार आहेत मला."

मारुतीरावांनी भाकरी मोडता मोडता तिच्याकडे बघितलं. "कुंदे, मी माग शिकवले अशी पंचवीस पोरं आहेत. चार जणांनी स्वतःचे कारखाने काढले. त्यांच्या दारावरून जाताना मलापण पोटात दुखतं. पण मी त्यांच्या कारखान्याची बत्ती कापत नाही."

"मी काय कापली?"

"काही नाही. मी आपलं सांगितलं."

पेढा तिने खाल्ला नाही. पुडी तशीच डब्यात टाकली आणि झाकण जरा जोरातच लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रणितीच्या परीक्षेची यादी करायला घेतली. मंडळाचा नियम असा की परीक्षा देणाऱ्याने आपल्या आवडीची मुलं निवडू नयेत, म्हणून मुलं आणि खेळ दोन्ही सहकाऱ्याने ठरवायचे. कुंदाची यादी प्रणितीने केली होती. तिने मैदानावरची सगळ्यात हसरी, सगळ्यात ऐकणारी बारा मुलं दिली होती, आणि खेळ दिला होता लगोरी. कुंदाचा हातखंडा.

हाही उपकारच होता.

मुलांच्या पुष्कळ गोष्टी कुठल्या वहीत नसतात. अंधूक दिसणारा मुलगा चष्म्याची लाज वाटून मुद्दाम लवकर बाद होतो. एखादीला मागून कुणी हात लावला की दचकायला होतं. अशा गोष्टी कुंदाच्या डोक्यात होत्या. ढवळ्यांच्या इरा आणि शर्वीची गोष्टही होती. दोघी चुलत बहिणी, नऊ-नऊ वर्षांच्या. वर्षापूर्वी त्यांच्या वडिलांनी मागांची शेड वाटून घेतली, मध्ये भिंत घातली. पाण्याचा नळ इराच्या बाजूला गेला आणि दोन्ही घरांनी मुलींना एकमेकींशी बोलायची बंदी केली. त्याआधी त्या एका ताटात जेवायच्या. भिंत झाल्यापासून कुंदाने इराला सोमवार-बुधवारच्या तुकडीत ठेवलं, शर्वीला मंगळवार-गुरुवारच्या. वर्षभर दोघी मैदानावर समोरासमोर आल्या नव्हत्या.

कुंदाने नावं लिहायला सुरुवात केली. चौथं नाव इरा. अकरावं शर्वी. शेजारी-शेजारी दिसू नयेत म्हणून. खेळाच्या रकान्यात तिने साखळी लिहिलं. ज्याच्यावर राज्य तो पळून एकाला पकडणार, पकडलेल्याने त्याचा हात धरायचा, मग दोघांनी मिळून तिसऱ्याला पकडायचं. साखळी वाढत जाते. हात सुटला की पकडलेला मोकळा.

म्हणजे हात धरावाच लागतो.

परीक्षा ही अशाच गोष्टींची असते, असं तिने स्वतःला सांगितलं. पदविकेत हे शिकवत असतीलच की. मग तिने कागद प्रणितीला नेऊन दिला.

प्रणितीने यादी वाचली. एका नावापाशी थांबली, पुढच्या एका नावापाशी परत थांबली. मान वर करून कुंदाकडे बघितलं आणि हसली. "ठीक आहे, ताई."

परीक्षेच्या दिवशी ऊन कोवळं होतं. बारा मुलांनी पट्ट्या बांधल्या. साक्षीदार म्हणून कुंदा गोसावींच्या शेजारी उभी राहिली. टॅबलेटचा पडदा तिला नीट दिसत होता.

खेळ सुरू झाला. चौसष्ट. एकाहत्तर. प्रणिती मैदानाच्या कडेला उभी होती. मध्ये पडत नव्हती, नुसती मुलांबरोबर सरकत होती. साखळी तीन मुलांची झाली. ऐंशी. इरा सापडली आणि साखळीच्या टोकाला आली. मुलं किंचाळत पळत होती. त्र्याऐंशी. कुंदाने शर्वीकडे बघितलं. ती कडुलिंबाच्या कोपऱ्यात अडकली होती, मागे कुंपण, आणि साखळी तिच्याकडे वळत होती.

इराने तिच्या खांद्याला हात लावला. "सापडलीस. हात दे."

"देणार नाही."

"नियम आहे."

"तुझ्या पप्पांनी नळ बंद केला, तोपण नियमच होता का?"

"नळ आमचाय."

"मग हातपण तुझ्याजवळच ठेव."

कुणीतरी हसलं. इराने तिला ढकललं. शर्वीने तिचे केस धरले. क्षणात दोघी मातीत पडल्या, साखळी तुटली, आणि बाकीची दहा मुलं धावत येऊन त्यांच्याभोवती गोल करून उभी राहिली.

"अठ्ठ्याऐंशी," गोसावी पुटपुटले. "एक्याण्णव." त्यांनी टॅबलेट डोळ्यांजवळ नेला. "वाघचौरेबाई, चौऱ्याण्णव. मी चार वर्षं परीक्षा घेतोय, चौऱ्याण्णव बघितले नव्हते."

कुंदाने पडद्यावरून नजर उचलून मुलांकडे बघितलं. दहाही जण गप्प होते. कुणी हलत नव्हतं. सगळ्यांचे श्वास अडकलेले, सगळ्यांचे डोळे एकाच जागी, आणि छातीतले ठोके एकाच धसक्याने पडत असणार. मातीत लोळणाऱ्या दोघींचेही. इतकं एकाग्र होऊन या मैदानावर मुलं कधी काही खेळली नव्हती.

ती हादरली. ते त्या मुलींसाठी होतं असं म्हणायला तिला आवडलं असतं. पण पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की मी पाडायला गेले आणि हिचा अंक वर गेला.

प्रणिती गोलाकडे चालू लागली होती.

"थांबवू नका," गोसावींनी हाक मारली. "सातच मिनिटं राहिलीत. जे चाललंय ते चालू द्या."

प्रणितीने मागे वळून त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग ती गोलात शिरली, दोघींच्या मध्ये मातीत बसली आणि खेळ थांबला असं मुलांना सांगितलं. शर्वीच्या गालावर ओरखडा होता, रक्त आलं होतं. प्रणितीने दोघींच्या घोट्यांच्या पट्ट्या सोडून बाजूला ठेवल्या. खेळ अर्ध्यात थांबला किंवा पट्टी सुटली की मंडळाच्या हिशेबात तेवढा वेळ शून्य धरतात. पडद्यावरचा आकडा घसरत गेला. वीस मिनिटांची सरासरी आली एकोणपन्नास.

प्रणितीने दोघींना हात मिळवायला सांगितलं नाही. गप्प बसा, असंही म्हणाली नाही. दोघी तिच्या दोन बाजूंना बसून रडल्या, मोठ्याने, नाक ओढत, पोटभर. कुंदाचा हात दोनदा शिट्टीकडे गेला आणि दोनदा परत आला. बऱ्याच वेळाने इराने बाहीने तोंड पुसलं आणि समोर बघतच विचारलं, "मनी व्याली का?"

"हो," शर्वी म्हणाली. "चार."

"पांढरं आहे एखादं?"

"एक आहे. डोळे नाही उघडले अजून."

भिंतीपलीकडच्या मांजरीची चौकशी करायची होती, आणि कुंदाने वर्षभर त्यांना वेगवेगळ्या वारी मैदानावर आणलं होतं. ते सांभाळणं होतं असं ती आजपर्यंत समजत होती.

सामानाच्या खोलीत गोसावींनी परीक्षेचा कागद टेबलावर ठेवला. "इथे यादी करणाऱ्याचा अभिप्राय लागतो. नियंत्रण सुटलं, असं लिहिलंत तरी चालेल. रिकामं सोडलं तरी चालेल. तुम्ही प्रमुख झालात, बाई."

"ते चौऱ्याण्णव चुकीचे होते का?"

गोसावींनी टॅबलेट उलटा ठेवला. "पट्टीचं काही चुकलं नाही. मुलं एक झाली होती. कशासाठी एक झाली, ते पट्टीला कळत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मलाही कळलं नाही, खरं सांगायचं तर. मी आकडा बघत होतो. मंडळाला लिहीन तसं."

ते चहा प्यायला बाहेर गेले आणि प्रणिती औषधाची पेटी घ्यायला आत आली. तिच्या ओढणीला माती लागली होती.

"फार लागलं का शर्वीला?" कुंदाने विचारलं.

"नाही, वरवरचं आहे."

"त्या दोघींचं तुला माहीत होतं?"

"त्यांच्याच गल्लीत राहते मी, ताई."

"मग यादी बदलून का मागितली नाहीस?"

प्रणिती पेटीत कापूस शोधत होती. "मागणार होते. मग म्हटलं, ताईंना प्रत्येक मुलाचं सगळं ठाऊक असतं. त्यांनी या दोघी मुद्दाम दिल्यात, म्हणजे त्यांना वाटतंय की मला हे जमेल." ती ओशाळं हसली. "नाही जमलं. माझी चूक झाली. साखळी वळली तेव्हाच मध्ये जायला हवं होतं."

टेबलावर कागद होता. पेनही होतं. काही बोलायची गरज नव्हती. कुंदाने नुसती मान हलवली असती, तर ती प्रमुख झाली असती, आणि या पोरीच्या मनात आयुष्यभर भरवशाची ताई राहिली असती. तेवीस वर्षांत तिच्यावर असा विश्वास कुणी टाकला नव्हता, आणि तो नेमका आज, नेमका हिनेच टाकावा, याचाही तिला राग आला.

"जमेल म्हणून नव्हत्या दिल्या," ती म्हणाली. "जमू नये म्हणून दिल्या होत्या."

प्रणितीचा हात पेटीत थांबला.

कुंदाने पेन उचललं. अभिप्रायाच्या रकान्यात तिने लिहिलं की या दोन मुलींचं वैर मला माहीत होतं, परीक्षार्थीचा अंक कमी यावा म्हणून मी त्यांना एका यादीत घातलं आणि हात धरावा लागेल असा खेळ निवडला. खेळ थांबवला ते योग्य केलं. खाली सही केली. कागद प्रणितीकडे सरकवला.

प्रणितीने तो पूर्ण वाचला. नंतर पुन्हा एकदा वाचला. बाहेर मुलं कुणीतरी आणलेल्या बर्फाच्या गोळ्यावरून भांडत होती.

"का?" तिने विचारलं.

"तू माझ्यापेक्षा चांगली आहेस म्हणून."

प्रणितीने कागद खाली ठेवला. "कापूस संपलाय पेटीतला," ती म्हणाली. "वरच्या फळीवरचा काढून द्या जरा, वाघचौरेबाई."

कुंदाने कापूस काढून दिला. ताई हा शब्द त्या दिवसानंतर प्रणितीच्या तोंडून तिने ऐकला नाही.

मंडळाने दुसऱ्या मैदानावरच्या सेविकेकडून नवी यादी करून घेतली आणि प्रणितीची परीक्षा पुन्हा झाली. चौऱ्याऐंशी. कुंदाला लेखी ताकीद मिळाली, तिचे बहात्तर मात्र कायम राहिले. मैदानाच्या फलकावर प्रमुख म्हणून प्रणिती घोरपडेचं नाव लागलं. परवानगीच्या वहीत कुंदाच्या नावापुढची जागा पाच आठवडे कोरी होती. ती फाटकाशी बसायची, झाडांना पाणी घालायची. मुलं येता-जाता विचारायची, ताई, तुम्ही का येत नाही खेळायला? ती सांगायची की झाडं वाळायला लागलीत. तिथून प्रणितीचा खेळ दिसायचा. तो चांगला असायचा. चांगला नसता तर दिवस सोपे गेले असते.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी, प्रणिती फाटकापाशी आली आणि तिने एक कागद पुढे केला. परवानगी होती. खाली सही, सुंदर वळणाची. तेही कुंदाला आवडलं नाही.

"मंगळवारची तुकडी तुमच्याकडे," प्रणिती म्हणाली. "यादी मी केलीय."

कुंदाने वाचलं. पहिलं नाव इरा ढवळे. दुसरं शर्वी ढवळे. तिने मान वर केली. प्रणितीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

"घरच्यांची बंदी उठली का?"

"नाही. भिंतही आहे. जमेल का, वाघचौरेबाई?"

मुद्दाम दिल्यात का, आणि कशासाठी, हे विचारायचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, हे कुंदाला कळलं. "बघते," ती म्हणाली.

मैदानावर बारा मुलं उभी होती. इरा आणि शर्वी एकमेकींपासून चार हात लांब, पण एकमेकींकडे बघत. शर्वीने विचारलं, "ताई, आम्ही एका बाजूला का दोन बाजूंना?"

उत्तर कुंदाच्या ओठांवर तयार होतं, वर्षभर तेच होतं. तिने ते गिळलं.

"आधी सुटा," ती म्हणाली.

मुलं गोल करून जवळ आली, आणि बारा हात मध्ये वर उचलले गेले. कुणाचा तळवा उताणा पडणार आणि कुणाचा उपडा, म्हणजे कोण कुणाच्या बाजूला जाणार, ते तिला माहीत नव्हतं.